इस्लापूरच्या अलीकडचं वळण

रेल्वे क्वार्टर, नांदेड
१८ जून २०२४

तीर्थरूप आक्कांस, सिंधूचा शरणार्थ. वि. वि.

तुमचा फोन दोनदा येऊन गेला आणि मी उचलला नाही, म्हणून रागावला असाल. आक्का, या घरात फोन वाजू द्यायची सोयच राहिली नाही. ड्यूटीचं बोलावणं फोनवरच येतं ना. रिंग ऐकली की तुमचे भाऊ जागच्या जागी ताठ होतेत, दरदरून घाम फुटतो. दोन्ही फोनचे आवाज बंद करून ठेवलेत. आणि हे घरी असले की मला बोलता येत नाही. दोन खोल्यांत काय झाकून राहणार? म्हणून लिहून राहिले. उत्तर शेजारच्या धुरपताबाईंच्या नावावर पाठवा.

फेब्रुवारीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आदिलाबादहून गाडी आणताना इस्लापूरच्या अलीकडच्या वळणावर एक बाई यांच्या इंजिनाखाली आली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं आधी झालंच नव्हतं असं नाही. तेव्हा घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायचे, एक-दोन दिवस गुमसुम राहायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. यावेळीही चौकशीत यांची काही चूक निघाली नाही. साहेबांनी उलट धीरच दिला. मला वाटलं, होईल कमी.

कमी न्हाई झालं आक्का, वाढलं. परवा कुकरची शिट्टी झाली, तर हे ताटावरून उठून हवेत काहीतरी खेचायला लागले, दात आवळून, सगळा जोर लावून. शिल्पा घाबरून माझ्या पदराला बिलगली. तेव्हापासून मी भात पातेल्यात करते. दहा वर्षांच्या लेकरावर एवढ्यातेवढ्या कारणानं ओरडतेत आणि मग स्वतःच मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसतेत. अव्वा म्हणतेत, माझ्या लेकाला बाहेरचं लागलं, माहूरला देवीपुढं नेऊन उभं करा. हे त्यालाही तयार नाहीत. इस्लापूरच्या अंगाच्या रस्त्यालाच जायचं नाही म्हणतेत.

आता खरी गोष्ट. परवा यांचा असिस्टंट प्रीतम घरी आला होता. हे बाजारात गेल्याचं बघूनच आला. म्हणाला, वहिनी, गेल्या आठवड्यात विरूपाक्षसाहेबांनी भरधाव गाडीला इमर्जन्सी ब्रेक मारला. पुढं कोणी नव्हतं, जनावर नव्हतं, माणूस नव्हतं. कागदावर बैल आडवा आला असं लिहिलं, आणि मीही हो म्हणालो. पण पुन्हा असं झालं तर मी काय करू, असं मलाच विचारून राहिला होता.

मी काय उत्तर देऊ आक्का? ऑफिसात सांगावं तर नवऱ्याचा विश्वासघात, आणि न सांगावं तर मागं डब्यात एवढी माणसं बसलेली असतेत. ड्यूटी तर चालूच आहे. मला काही सुचत नाही. तुम्हीच सांगा काय करू.

माझ्यावर मायेची सावली राहू द्या.
तुमची सिंधू

—

लातूर
२२ जून २०२४

चि. सौ. सिंधूस, आक्काचे मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं आणि हातातलं काम टाकून उत्तराला बसले. आधी महत्त्वाचं सांगते. विरूनं आता इंजिनावर चढायचं नाही. यात विश्वासघात कसला? त्याच्या नकळत ऑफिसात जाऊ नकोस, त्याच्यासमोर बसून सांग: प्रीतमनं मला सांगितलंय, तुम्ही आजारी आहात, आजारपणाची रजा घ्या, तुम्ही घेतली नाही तर मी साहेबांकडे जाईन. चिडेल. चिडू दे.

आता आजार म्हणजे काय ते. आमच्या वरच्या मजल्यावर भार्गवी म्हणून मुलगी भाड्यानं राहते. ती मानसोपचार करते, गोळ्या देणारी नव्हे, बोलून उपचार करणारी. नाव न सांगता मी तिला तुझं पत्र सांगितलं. ऐकून ती म्हणाली, हे सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं आहे. जिवावरचं काही पाहिलं, सोसलं की बहुतेक माणसं काही आठवड्यांत सावरतात. काहींच्या बाबतीत ती घटना मागं पडतच नाही. डोक्याला कळतं की ते होऊन गेलं, पण शरीराला वाटत राहतं की ते आत्ता, समोर चाललंय. म्हणून शिट्टी ऐकली की हात ब्रेककडे जातो. याला ते आघातानंतरचा ताण म्हणतात. हे भित्रेपणातून येत नाही की कोणी करणी केल्यानंही होत नाही.

मला आमच्या शाळेतले शिपाई उमाशंकर मामा आठवले. भूकंपात घर गेलं, दोन लेकरं गेली. तीस वर्षं झाली, पण थंडी असो की पाऊस, मामा स्लॅबखाली झोपत नाहीत. लोक म्हणायचे, सवय आहे त्यांची. भार्गवीनं आपलं शिक्षण चालू असताना अशाच माणसांना भेटून अभ्यास केला. त्यातून तिच्या लक्षात आलं की यांच्यापाशी उपचार घेऊन कोणी कधी गेलंच नव्हतं. आता तिच्या संस्थेनं एक नवा अभ्यास काढलाय. रेल्वे, ॲम्ब्युलन्स, अग्निशामक, अशा कामांत मरण जवळून पाहणाऱ्या माणसांवर एक उपचार करून बघायचा.

विरूला लातूरला घेऊन ये. पण लग्नाची बोलणी आहेत, आक्का आजारी आहे, असला बहाणा नको. लहानपणी ताप चढला की हा कडब्याच्या गंजीत लपायचा आणि अव्वा साऱ्या गावाला कामाला लावायची. आता चव्वेचाळिशी झाली तरी तेच चाललंय म्हणावं. गंजी तेवढी दिसत नाही.

अव्वाला माहूरला जायचं असेल तर जाऊ दे, तिच्या जिवाला बरं वाटेल. देवीला नवस बोल, पण गाडी लातूरची पकड.

इकडे जीव टांगणीला लागलाय. दोन ओळी का होईना, लवकर कळव.
तुझी आक्का, महानंदा

—

नांदेड
२८ जून २०२४

तीर्थरूप आक्कांस, सिंधूचा शरणार्थ.

सांगितलं. तुम्ही लिहिलं तसंच, समोर बसून.  प्रीतमचं नाव निघालं तशी यांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. म्हणाले, तू माझी भाकरी काढून घ्यायला निघालीस, मला वेडा ठरवायला निघालीस. इंजिनावरून उतरवलं की टेबलावर बसवतील, ड्रायव्हर लोकांची सगळी लॉबी हसंल. अव्वा मधे पडल्या तर त्यांनाही बोलले. आई असल्यासारखं बोल, मांत्रिकीण असल्यासारखं बोलू नको, असं. यांनी आजवर आईला उलट शब्द काढला नव्हता. अव्वा दारातच बसून राहिल्या.

मी म्हणाले, मला काय वाट्टेल ते बोला, पण उद्या गाडी घेऊन जाऊ नका. यांनी जाऊन तांब्या उचलून ठेवला. शेवटी यांनी विचारलं, शिल्पा मला भिते का गं? मी खोटं बोलू शकले नाही. हाव म्हणाले.

सकाळी उठून स्वतःच गेले आणि रजा टाकून आले. आम्ही सोमवारच्या एसटीनं येतोय. रेल्वेनं यायला तयार नाहीत.

वाट बघा.
सिंधू

—

लातूर
१५ जुलै २०२४

चि. सौ. सिंधूस, अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. तू निघताना स्टँडवर माझ्याशी बोलली नाहीस. का, ते मला कळतंय. म्हणून पुन्हा एकदा मांडते.

कोणाला उपचार आत्ता द्यायचा आणि कोणाला तीन महिन्यांनी, हे भार्गवी ठरवत नाही. ते संगणकावर, चिठ्ठी काढल्यासारखं निघतं. तसं केलं नाही तर माणूस उपचारानं बरा झाला की काळ गेल्यानं, हे कळायचं कसं? विरूची चिठ्ठी थांबण्याच्या गटात निघाली. त्याला हे आधी सांगितलं होतं, त्यानं वाचून सही केली होती. तरी भार्गवीचं तोंड उतरलं होतं. ती म्हणाली, दर आठवड्याला फोन करीन, आणि जरा जरी बिघडतंय असं वाटलं तर त्याला अभ्यासातून बाहेर काढून उपचार सुरू करीन, तसा नियमच आहे.

मला धास्ती वेगळीच आहे. थांबायचंय हे ऐकून विरूच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. तुला राग आला, त्याला आराम वाटला. त्याच्यावर नजर ठेव.

या थोरलीवर राग धरू नकोस गं.
आक्का

—

नांदेड
३ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आक्कांस.

हे पत्र तुम्हाला टाकीन की न्हाई, ठाऊक नाही. हात रिकामे ठेवले तर जीव जाईल म्हणून लिहून राहिले. हे सकाळपासून घरात नाहीत. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले, कुठं म्हणून सांगितलं नाही. फोन घरातच उशीखाली सापडला. रागाच्या भरात मी भार्गवीबाईंचे दोन फोन उचलले नव्हते. तिसरा आता मीच लावला आणि ओरडले, माझा नवरा काय तुमचा नमुना आहे का, थांबायला लावलंत ना!  त्यांनी विचारलं, मरणाबद्दल काही बोलले होते का? आक्का, परवा म्हणाले होते की तिच्याऐवजी मी उभा असतो तर बरं झालं असतं. मला वाटलं, माणूस दुःखानं बोलतोय.

प्रीतम मोटारसायकल घेऊन इस्लापूरकडं गेलाय. अव्वा देव्हाऱ्यापुढून हलल्या नाहीत. शिल्पाला धुरपताबाईंनी नेलं. बाहेर रुळांवरून जी गाडी जाते ती माझ्या छातीवरून जाते.

पुढचं आता संध्याकाळी लिहून राहिले. सापडले. सुखरूप हायेत. आधी हेच लिहायला पाहिजे होतं.

त्याच वळणावर, रुळापासून चार हात लांब, बाभळीखाली बसले होते. प्रीतम नुसता शेजारी जाऊन बसला. तिथल्या ट्रॅकवर काम करणाऱ्या एका माणसानं यांना सांगितलं होतं म्हणे, की त्या बाईनं घरच्या भांडणावरून जीव दिला, सगळं गाव तेच म्हणतं. हे म्हणाले, म्हणजे तिनं मला निवडलं. मरायला तिला माझी गाडी पाहिजे होती, आणि मरताना ती माझ्याकडंच बघत होती.

भार्गवीबाई म्हणाल्या होत्या, सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार वाढत नाही. मी विचारलं. जीव द्यायला गेला होता का? यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ठरवून न्हाई गेलो, पण तिथं बसल्यावर ठरवत होतो. मग रडले. आक्का, लग्नाला चौदा वर्षं झाली, यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

उद्याच आम्ही दोघं लातूरला येतोय. भार्गवीबाईंनी अभ्यासातून नाव काढलंय, मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, आणि तोवर यांना एकटं सोडायचं नाही असं सांगितलंय. मी एकटं सोडणार न्हाई.

सिंधू

—

लातूर
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सिंधूस, आक्काचे भरभरून आशीर्वाद.

शिल्पाची शाळा आणि अव्वाचा गुडघा यांसाठी तुला परत जावं लागलं. विरू इथं माझ्याकडे आहे, त्याची फिकीर करू नकोस. गोळ्या वेळेवर घेतो. माझ्या हातची आमटी पातळ असते अशी तक्रार करायला लागलाय, तेव्हा तब्येत सुधारतेय असं मी धरून चालते.

पण तुला गोड गोड लिहिणार नाही. पहिले काही दिवस वाईट गेले. भार्गवी त्याला डोळे मिटून बसवते आणि तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायला लावते: मी इंजिनात आहे, वळण येतंय, असा. एकदा झालं की पुन्हा. ते सगळं मोबाईलवर भरून घ्यायचं आणि घरी रोज ऐकायचं. पहिल्यांदा तो वळणापर्यंतही पोचला नाही. घरी ऐकताना जिन्यात उलटी केली. मी वर जाऊन भार्गवीला म्हणाले, बाई, हा उपचार आहे की छळ? ती म्हणाली, आक्का, आठवण टाळण्यात त्यांचे सहा महिने गेले आणि ती वाढतच गेली. आठवणीपाशी पुरेसा वेळ थांबलं की शरीराला कळतं, ही आठवण आहे, गाडी नाही. सगळ्यांनाच लागू पडतं का? तर नाही म्हणाली, पुष्कळांना पडतं. खोटी आशा दाखवली नाही, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

दुसरीकडे टाळलेल्या गोष्टींकडे थोडं थोडं जायचं. आधी कुकर. मग आम्ही भाऊ-बहीण लातूर स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. गाडी आली की तो माझं मनगट आवळायचा. बांगडी पिचली एकदा. आता नुसता बसतो, आणि कुठलं इंजिन कसं आहे ते मला शिकवतो. ऐकून ऐकून मीच गाडी चालवायला निघेन.

आणि आता मंगळवारचं, त्यानंच मला सांगितलेलं. सिंधू, हे नीट वाच. इतके दिवस त्याचं सांगणं एकच होतं: ती रुळात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मंगळवारी भार्गवीनं त्याला त्या क्षणापाशी सावकाश, पुन्हा पुन्हा थांबवलं. आधी काय दिसतं? तिचे पाय कुठं आहेत? हात कुठं आहेत? आणि विरू बोलता बोलता थांबला. म्हणाला, ती पलीकडे गेली होती. पूर्ण रूळ ओलांडून गेली होती. मग मागं वळली. तिची चप्पल खडीत अडकून राहिली होती. ती घ्यायला आली आणि वाकली. दोन्ही हातांनी ओढत होती. माझ्याकडे बघतच नव्हती. मी हॉर्न दाबून धरला होता, ब्रेक आधीच मारला होता, पण गाडी एवढ्यात थांबत नाही.

भार्गवी मला म्हणाली, आठवण दर वेळी खरीच असते असं मी म्हणत नाही. पण त्यांनी चौकशीच्या दिवशीही चप्पल अडकल्याचं एका वाक्यात सांगितलं होतं, ते त्यांनी मला मागंच दिलेल्या जबाबाच्या कागदात आहे. गावच्या बोलण्यानं ते वाक्य त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं.

तो खोलीबाहेर आला तेव्हा त्याला हायसं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. तो म्हणाला, आक्का, मग तिच्या घरच्यांवर सगळं गाव कशासाठी थुंकतंय?

शिल्पाला गोड पापा. अव्वाला गुडघ्याला शेक घ्यायला लाव.
आक्का

—

नांदेड
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आक्कास, विरूचा शरणार्थ.

मी तुला पत्र लिहिलं की तू व्याकरणाच्या चुका काढून परत पाठवायचीस, म्हणून नोकरी लागल्यावर लिहायचं सोडलं होतं. आज लिहितोय. चुका मोजू नको.

मी लॉबीत बसतो आता, ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायच्या टेबलावर. इंजिनावर परत जायचं की न्हाई ते डॉक्टर आणि ऑफिस मिळून पुढं ठरवतील. मलाही घाई नाही. कोणी हसलं न्हाई. उलट एक जुना ड्रायव्हर, उद्या रिटायर होईल असा, हळूच बाजूला घेऊन म्हणाला, विरूपाक्ष, मलापण एक पोरगं दिसतं. भार्गवीबाईंचा नंबर त्याला दिला. मी त्यांच्या अभ्यासात मोजला गेलो नाही, म्हणून त्यांना म्हटलं, माझ्याऐवजी हा घ्या. त्या हसल्या.

सगळं गेलं असं समजू नको. रिंग वाजली की अजून छातीत धस्स होतं, पण मी फोन उचलतो. शिल्पा परवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी आणि सिंधू त्या बाईच्या गावी जाऊन आलो. भार्गवीबाईंनी बजावलं होतं, माफी मागायला किंवा मिळवायला जात असाल तर जाऊ नका, सांगायला जात असाल तर जा. तिचं नाव शेवंता. मला इतके महिने नावही ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं नाव व्यंकट. मी कोण ते कळल्यावर तो खाटेवरून उठला, आणि मला वाटलं मारतोय. पण पाणी आणायला गेला. मी म्हणालो, पाणी नंतर, आधी ऐकून घ्या.

त्यानं ऐकलं आणि बाहेर पडला. तिचे माहेरचे तिथंच खालच्या आळीला राहतेत. थोरला भाऊ आणि आई यांना घेऊन आला. ते दोघं त्या दिवसापासून या घराचा उंबरा चढले नव्हते. भावानं बाहेरूनच सांगितलं, तिच्या पायात चप्पल नव्हती. जीव द्यायला निघालेलं माणूस चप्पल काढून ठेवतं. या व्यंकटनंच तिला तिथवर आणलं.

 सिंधू माझ्या शेजारी होती, पण तिनं माझ्याऐवजी एक शब्द काढला नाही. मी उभा राहून सांगितलं. यावेळी डोळे मिटले न्हाईत, भावाच्या तोंडाकडं बघत सांगितलं. ती पार झाली होती. चप्पल अडकली. ती वळली. वारा उलटा होता, हॉर्न ऐकू गेला नसावा. ती मरायला आली नव्हती. चप्पल घ्यायला आली होती.

भाऊ उंबऱ्याबाहेरच होता. मग मला म्हणाला, एवढे महिने कुठं होता तुम्ही? मी म्हणालो, आजारी होतो. हे मी पहिल्यांदाच कोणा परक्याला सांगितलं, आणि त्यानं मान हलवली, जसं कोणी टायफॉईड झाला होता म्हणावं. तो आत आला. व्यंकटच्या शेजारी खाटेवर बसला. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते, पण बसले होते.

म्हातारी दाराशीच होती. तिनं माझी बाही धरली. म्हणाली, माझ्या लेकीला शेवटचं तू पाहिलंस. मला ऐकायला कमी येतं बाबा. जवळ ये, आन् पैल्यापासून पुन्यांदा सांग.

मी तिच्या कानाशी बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं.

तुझं प्रेम माझ्यावर आहेच, ते मागत नाही. आमटी मात्र घट्ट करत जा.
तुझा विरू